नऊ किलोमीटरला बंद पडणारी गाडी

आमच्या घरात मोटारसायकल बायको चालवते आणि मी मागे बसतो. हे आधीच लिहून टाकलेलं बरं. मनीषनगरात आमच्या इमारतीतल्या लोकांना यावर जेवढं हसायचं होतं तेवढं हसून झालं आहे, आता कोणी हसत नाही. मला गिअर जमत नाहीत. मी बिनगिअरच्या स्कूटरवर ऑफिसला जातो, जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. तिथे माझं काम भांडारातल्या वस्तू मोजायचं. रजिस्टरमध्ये लिहिलेल्या आणि रॅकवर असलेल्या वस्तू जुळतात की नाही, एवढंच पाहायचं. हे काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे.

बायको कृषी सहायक आहे. कुही तालुक्यातली तीन गावं तिच्याकडे आहेत. सगळ्यात लांबचं गाव घरापासून सेहेचाळीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार किलोमीटर शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं जाणारा कच्चा रस्ता. स्कूटरची चाकं त्या चिखलात रुततात. म्हणून अकरा वर्षांपूर्वी तिची तिकडे बदली झाली तेव्हा तिनं दोन रविवारी मैदानात फेऱ्या मारून मोटारसायकल शिकून घेतली. तिसऱ्या सोमवारी ती कामावर मोटारसायकलनंच गेली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

तिच्या कामातलं मला सगळ्यात आवडतं ते पीक कापणी प्रयोगाचं काम. धान कापणीला आला की ठरलेल्या गावातल्या ठरलेल्या शेतात जायचं. यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून शेताच्या एका कोपऱ्यापासून किती पावलं लांब आणि किती पावलं आत हे काढायचं. तिथे खुंटी ठोकून दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा. तेवढाच धान वेगळा कापून, झोडून, गावातल्या साक्षीदारांसमोर वजन करायचं. अशा थोड्याशा तुकड्यांच्या वजनावरून त्या भागाचं त्या वर्षीचं उत्पन्न ठरतं, आणि पीक विम्याचा निर्णयही त्या आकड्यावर बराचसा अवलंबून असतो. तुकडा आखायच्या आधी शेत अख्खं उभं असावं लागतं. कापणी सुरू झाली की तो प्रयोग गेला. मग त्याच्या जागी आकडा बसवायचा मोह कोणालाही होऊ शकतो. अकरा वर्षांत तिचा एकही प्रयोग गेला नव्हता आणि एकही आकडा तिनं बसवला नव्हता. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. तिच्या वह्या मी पाहिल्या आहेत आणि वह्या पाहणं हाच माझा धंदा आहे.

या वर्षी दिवाळीनंतर गाडी बंद पडायला लागली.

बंद पडायची तीसुद्धा विचित्र. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची. रस्त्यावर छान चालायची. मग कधी दहा, कधी वीस, कधी पस्तीस किलोमीटरवर आचके देऊन थांबायची. ती उतरून झाकण उघडून पेट्रोल आहे का पाहायची, किक मारायची, आणि गाडी सुरू व्हायची. मिस्त्रीकडे नेली की तिथे तर कधीच बंद पडायची नाही. आमच्या चौकातला हा मिस्त्री माणूस चांगला आहे. त्यानं प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पेट्रोलचा पाइप नवीन टाकला. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "काकाजी, गाडीत काई नाही. पेट्रोलमधेच पाणी येऊन राहिलं आजकाल. टाकी फुल ठेवत जा, म्हणजे आत दव धरत नाही."

आम्ही टाकी फुल ठेवायला लागलो. गाडी जास्तच बंद पडायला लागली.

माझ्याकडे गाडीची वही आहे. किती लिटर भरलं आणि मीटरवर किती किलोमीटर झाले, हे त्यात गाडी घेतल्यापासून लिहिलेलं आहे. आता मी तिला सांगितलं, की प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की मीटरचा आकडा लिहायचा, आणि टाकीत स्टीलची पट्टी बुडवून पेट्रोल किती सेंटिमीटर आहे तेही लिहायचं.

"म्हणजे बंद पडलेल्या गाडीजवळ भर रस्त्यात उभी राहून मी पट्टी बुडवू?" ती म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"लोक काय म्हणतील? बाई पेट्रोलचा ताप पाहून राहिली?"

पण तिनं पट्टी पिशवीत टाकली. तिचं असंच आहे. बोलून घेते, मग करते, आणि केलं की नीट करते. पंधरा दिवसांत सात नोंदी झाल्या. मी त्या वहीत उतरवल्या, तारखेनुसार. त्यातून मला काही कळलं नाही. मी किलोमीटरची सरासरी काढली, ती साडेएकोणीस आली. साडेएकोणीस किलोमीटरला कुठलीच गाडी कधी बंद पडली नव्हती.

त्या लांबच्या गावातल्या प्रयोगाचा दिवस आला. शेत एका साठीच्या बाईचं होतं. नवरा नाही, मुलगा उमरेडला खाणीत कामाला. तिनं अडीच एकर धानासाठी हार्वेस्टर सांगितला होता. बाहेरगावचा हार्वेस्टर, एका दिवसात तीन-चार शेतं कापून पुढच्या गावाला जाणारा. दव वाळल्याशिवाय तो चालत नाही, म्हणून अकराची वेळ ठरली होती. त्या आधी तुकडा आखून व्हायला हवा होता. शेवटच्या पावसानं त्या भागातला धान ठिकठिकाणी लोळला होता, त्यामुळे यंदा प्रत्येक तुकड्याच्या वजनाकडे गावाचं लक्ष होतं.

मी किरकोळ रजा टाकली. गाडीचा भरवसा नव्हता आणि तिच्यासोबत वजनकाटा, टेप, दोर, खुंट्या आणि ताडपत्री एवढं सामान होतं. ती म्हणाली, "तुम्ही येऊन काय करणार?" मी म्हणालो, "धक्का मारीन."

आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून घेतली होती. सकाळी साडेसातला निघालो. सेहेचाळीस किलोमीटरला दीड तास धरला, तरी नऊला पोचणार होतो. दोन तास हातात. मी ताडपत्रीची गुंडाळी मांडीवर घेऊन मागे बसलो होतो.

उमरेड रोडला लागून थोडं पुढे गेलो आणि गाडी बंद पडली. मीटर पाहिलं. घरापासून नऊ किलोमीटर. तिनं सवयीनं टाकीचं झाकण उघडलं, पट्टी बुडवली, पंधरा सेंटिमीटर म्हणाली, झाकण लावलं, किक मारली. सुरू. पाच मिनिटंही गेली नाहीत. मी मागून म्हणालो, "पाहिलं, काही विशेष नाही." तिनं गिअर टाकला.

अठराव्या किलोमीटरवर दुसऱ्यांदा बंद पडली. तिथे रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी होती. या वेळी आम्ही झाकण उघडलं नाही. टाकी भरलेली आहे हे माहीत होतं, आत्ताच मोजलं होतं, पुन्हा काय मोजायचं. तिनं किक मारली. मी किक मारली. मी तीस मोजल्या. चोक ओढून मारल्या, चोक न ओढता मारल्या. टपरीवाला गल्ल्यावरून उठून आला.

"भाऊ, तुम्ही काहून मारून राहिले? गाडी कोणाची हाय?"

"तिची."

"मग त्यांनाच मारू द्या ना. मागं बसणाऱ्याच्या लाता गाडी ऐकत नाही."

बाकावर चहा पिणारे दोघे हसले. बायकोही हसली. त्यानं स्वतः किक मारून पाहिली, प्लगची टोपी काढून घातली, गाडी आडवी करून उभी केली. मग त्यानं ठरवलं की प्लगच खराब आहे. आमच्याजवळ जुना प्लग होता, तो लावला. काही नाही. पुन्हा नवा लावला. काही नाही. असं करता करता पाऊण तास गेला. नऊला पंधरा मिनिटं कमी होती.

तेव्हा तिचा फोन वाजला. शेतातल्या बाईचा होता. फोनवर त्या इतक्या मोठ्यानं बोलतात की टपरीवाल्यालाही ऐकू गेलं.

"ताई, कुठं हायेस वं? हार्वेस्टर आला. ऊन चांगलं पडलं, दव वाळून राहिलं. तो म्हणते, साडेदहाला टाकतो मशीन. त्याले अजून तीन वावरं हायेत."

"येऊन राहिली माय. गाडी बंद पडली. मशीन नका टाकू देऊ."

"मी थांबवतो. पण तू ये."

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, की एखादी दुसरी गाडी थांबवू. मी तसं सुचवलंही. ती म्हणाली, "सामान घेऊन कोणाच्या मागं बसू? अन् शेवटच्या चार किलोमीटरला कोण येईल?" मग तिनं टपरीवाल्याला हात करून थांबवलं. तो पुन्हा प्लगला हात घालत होता.

"दादा, आता कोणी काही करू नका. आपण सगळे एकाच वेळी पाच गोष्टी करून राहिलो. त्यातल्या कशानं काय झालं, कसं कळेल?"

तिनं सीटवरून सामान खाली काढलं, ताडपत्री अंथरली, आणि तीवर गुडघे टेकून बसली. मी तिला शेतात काम करताना कधी पाहिलं नव्हतं. पण ती शेतात अशीच बसत असणार हे मला तिथे कळलं. आधी तिनं प्लग काढून इंजिनला टेकवला आणि मला किक मारायला सांगितली. निळी ठिणगी दिसली. "प्लग झाला. त्याला आता कोणी हात लावायचा नाही." मग कार्ब्युरेटरकडे येणारा पेट्रोलचा पाइप ओढून काढला. कॉक चालू होता. पाइपातून चार थेंब पडले आणि थांबले.

"पाइप चोक आहे," टपरीवाला म्हणाला.

"पाइप तीन आठवड्यांपूर्वी नवा टाकला." ती माझ्याकडे वळली. "वही काढा. नोंदी वाचा. तारखेनं नका वाचू, पेट्रोलाच्या उंचीनं वाचा. जास्तीपासून कमीपर्यंत."

मी सत्तावीस वर्षं याद्या वाचतो आहे आणि मला हे सुचलं नव्हतं. मी वाचलं. पंधरा सेंटिमीटर, नऊ किलोमीटर. साडेचौदा, दहा. तेरा, बारा. अकरा, सतरा. दहा, एकोणीस. आठ, चोवीस. पाच, पंचेचाळीस.

तिथे आम्ही चौघं-पाच जण होतो. चहा पिणाऱ्यातला एक म्हणाला, "उलटंच आहे. पेट्रोल जास्त तं गाडी लवकर बंद?"

"हो," ती म्हणाली. "म्हणजे भानगड पेट्रोलाची नाही. वर उरलेल्या जागेची आहे."

तिनं पाइप हातात धरून ठेवला आणि मला झाकण उघडायला सांगितलं. मी किल्ली फिरवून झाकण उचललं. फस्स असा आवाज आला, जसं टाकीनं श्वास घेतला. त्याच क्षणी पाइपातून पेट्रोलची धार तिच्या बुटावर पडली. "लावा." मी लावलं. धार बारीक झाली, थेंब झाले, थांबले. "उघडा." धार. "लावा." थांबली. तीन वेळा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी टपरीवाला मान हलवत म्हणाला, "आत हवाच जाऊन नाही राहिली."

ती म्हणाली, "अन् दर वेळी पट्टी बुडवायला झाकण उघडलं की गाडी सुरू होत होती. या वेळी नाही उघडलं."

मग तिनं झाकण माझ्या हातातून घेतलं आणि उलटं केलं. अशा झाकणाला आत एक बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा त्यातून आत येते. ते बंद असलं की वरची हवा ताणली जाऊन पेट्रोल धरून ठेवते, आणि टाकी भरलेली असली की वर हवाच थोडी, म्हणून ती लवकर ताणते. तिनं नखानं तिथे टोकरलं.

"इथं काय आहे हे? राखाडी?"

मला सांगायला वेळ लागला नाही, पण ते सोपंही नव्हतं. पावसाळ्यात गाडीचं मायलेज एकसष्टवरून छप्पन्नवर आलं होतं. पाच किलोमीटरची घट कशानं, याचा मी हिशेब मांडला. आमची गाडी इमारतीच्या मागे उघड्यावर उभी असते. मला वाटलं, दिवसभर उन्हात पेट्रोल त्या भोकातून उडून जात असेल आणि पावसात पाणी आत जात असेल. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत नळाची गळती बंद करायचा मसाला उरला होता, तो दोन बोटांनी मळून मी त्या भोकात दाबून बसवला होता. झाकणाचं रबरही नवं टाकलं होतं. काम इतकं नीट झालं होतं की मी खूश होतो. मायलेज पावसाळ्यात कमी झालं ते ती चिखलातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढत होती म्हणून. तिला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. आणि किलोमीटर, लिटर, सेंटिमीटर सगळं लिहिणाऱ्या माझ्या वहीत, भोक बुजवलं, ही एक ओळ नव्हती.

हे सगळं मी टपरीसमोर उभा राहून सांगितलं. टपरीवाला ऐकत होता.

"भाऊ, तुम्ही नोकरीले कुठं हायेत?"

"भांडार तपासणीत."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला आणि चहा गाळायला गेला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावण्याचा तिला पूर्ण हक्क होता. पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. "किती वाजले?"

"नऊ वीस."

"हे निघेल?"

तो मसाला दगडासारखा झाला होता. टोकदार पिन वाकली, खिळा आत जाईना. रबर काढून टाकावं तर काठोकाठ भरलेली टाकी, खड्ड्यात पेट्रोल उसळून गरम इंजिनावर आलं असतं. झाकण उघडं ठेवून जायचं तर तेच, शिवाय किल्ली झाकणात अडकते आणि गाडी सुरू करायलाही तीच लागते. तेव्हा मी बोललो. एवढं एक माझ्याकडून झालं, म्हणून लिहितो.

"गाडी नऊ किलोमीटर चालते, हे नक्की आहे. आजच दोनदा झालं. मग नऊपर्यंत जायचंच नाही. दर सहा किलोमीटरला थांबायचं, झाकण उघडायचं, लावायचं. अठ्ठावीस किलोमीटर उरले, म्हणजे चारदा. एका वेळी अर्धा मिनिट. शेवटचे चार कच्च्या रस्त्याचे धरून सव्वा तास. दहा चाळीसला पोचू."

"साडेदहाला मशीन टाकणार आहे."

"मग कच्च्या रस्त्यावर जेवढं जमेल तेवढं तू काढ. तिथं माझा हिशेब चालत नाही."

ती हसली नाही, पण मान डोलावली. सामान बांधलं. टपरीवाल्यानं चहा आणून दिला होता, तो उभ्यानंच प्यायलो. तो म्हणाला, "ताई, परत येताना थांबा. वावर मिळालं का नाही ते सांगून जा."

त्यानंतरचा रस्ता मी तिच्या खांद्यावरून मीटर पाहत गेलो. पाच झाले की "एक राहिला" म्हणायचो आणि सहा झाले की "थांब". ती कडेला घ्यायची, किल्ली काढून झाकण उघडायची, फस्स, लावायची, निघायची. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा मागून येणाऱ्या एका गाडीवाल्यानं विचारलं, काही मदत पाहिजे का. ती म्हणाली, "नाही, गाडीले श्वास घेऊ देऊन राहिलो." कुहीच्या फाट्यानंतर दोन्ही बाजूंना धान लागला. कुठे उभा, कुठे कापलेला, कुठे चटईसारखा लोळलेला. चौथ्यांदा झाकण उघडून आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो.

तो चार किलोमीटरचा रस्ता मी आधी पाहिला नव्हता. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, मध्ये उंच वरंबा, आणि पाटाच्या पाण्यानं जागोजागी चिखल. ती वरंब्यावरून गाडी काढत होती. मी मीटर पाहणं सोडून दिलं आणि सीटचा मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला. अकरा वर्षं ती रोज इथून जाते-येते आणि संध्याकाळी घरी येऊन कणीक मळते. मी तिला आजवर फक्त विचारत आलो, की आज किती मायलेज पडलं.

साडेदहाला सात मिनिटं कमी असताना शेत दिसलं. हार्वेस्टर शेताच्या तोंडाशी उभा होता, इंजिन चालू होतं. ड्रायव्हर वर बसला होता. आणि मशीनच्या समोर, जिथून ते आत शिरणार त्या ठिकाणी, ती साठीची बाई धुऱ्यावर पाय पसरून बसली होती. डोक्यावर पदर, हातात इळा.

आम्हाला पाहून ती उठली नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "पाहिलं? म्हटलं होतं ना. अकरा वर्षांत ताई आली नाही असं झालं नाही. तू एक घडीभर थांबून नाही राहिला."

मला इथं थोडं थांबायचं आहे. मी ऑफिसात अनेक प्रमाणपत्रं पाहिली आहेत, कित्येकांवर मी सह्या केल्या आहेत. असं प्रमाणपत्र मी पाहिलं नव्हतं. एक बाई आपल्या अडीच एकरांच्या कापणीचं मशीन अडवून बसली होती. गाडी येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण माणूस येईल हे माहीत होतं.

बायकोनं गाडी उभी केली आणि माझ्याकडे न पाहता सामान उचललं. गावचे पोलीस पाटील साक्षीदार म्हणून आधीच आले होते. कापायला दोन मजूर बाया होत्या. बायकोनं आकड्यांचा तक्ता काढला, सगळ्यांसमोर बोट ठेवलं, आकडे मोठ्यानं वाचले, आणि नैऋत्येच्या कोपऱ्यातून पावलं मोजत आत गेली. मी टेप धरायला पुढे झालो.

"तुम्ही नका धरू," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरचे. नोंदीत तुमचं नाव नाही."

मी मागे झालो. मला वाईट वाटलं नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त आपल्या बायकोला म्हणू शकलो असतो की नाही याची खात्री नाही.

पहिली खुंटी बऱ्यापैकी उभ्या धानात पडली. लोळलेला पट्टा तिथून वीस-पंचवीस पावलांवर होता. पाटील खाकरले.

"ताई, थोडं खाली सरकवलं तर? तिकडं लोळलेलं आहे. वजन कमी भरेल, विमा मिळेल. गावाचाच फायदा आहे."

"खाली आकडा पडला असता तर खालीच ठोकली असती, पाटील."

"यंदा लोकांचं नुकसान झालं, हे तं खरं आहे ना?"

"खरं आहे. या गावात चार प्रयोग आहेत. नुकसान झालं असेल तर चारमध्ये दिसेलच. मी एक सरकवला तर उरलेल्या तिन्हींवर कोण भरवसा ठेवेल?"

पाटलांनी शेताच्या मालकिणीकडे पाहिलं. शेत तिचं, नुकसान तिचं. ती धुऱ्यावरून म्हणाली, "ती म्हणते तिथंच गाडा खुंट्या. आपण तिले सरकवाले बोलावलं नाही."

चार खुंट्या झाल्या, दोर ताणला, कर्ण मोजून चौकोन तपासला. मग बायकोनं हार्वेस्टरला हात केला. तुकडा सोडून तो दुसऱ्या बाजूनं शेतात शिरला. अकराला दहा मिनिटं कमी होती. मजूर बायांनी दोराच्या आतला धान कापला, ताडपत्रीवर आणून झोडला, उपणला. एकेक लोंबी त्या पुन्हा झटकत होत्या. बायको वाकून ताडपत्रीच्या घडीत अडकलेले दाणे बोटांनी काढत होती. हे सगळं दीड तास चाललं. मी झाडाखाली बसून पाहत होतो आणि मला दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

काटा झाडाच्या फांदीला टांगला. आधी रिकामं पोतं टांगून तिनं काटा शून्यावर आणला आणि पाटलांना, मालकिणीला, मजूर बायांना तो शून्य दाखवला. मग धान भरून टांगला. वाऱ्यानं पोतं हलत होतं. आकडा सोळा तीनशे आणि सोळा चारशेच्या मध्ये फिरत होता. कोणी घाई केली नाही. हार्वेस्टरही तेवढ्यात शेताच्या टोकाला येऊन थांबला.

"सोळा किलो तीनशे पन्नास," तिनं वाचलं.

"सोळाच लिहा ना," पाटील म्हणाले. या वेळी ते हसत होते.

"काटा सोळा म्हणून नाही राहिला." तिनं पोतं उतरवलं, काटा पुन्हा शून्य झाल्याचं दाखवलं आणि पुन्हा टांगलं. सोळा तीनशे पन्नास. तिनं तो आकडा फॉर्ममध्ये लिहिला, मोबाइलमध्ये भरला, पोत्याचा आणि काट्याचा फोटो काढला. पाटलांनी सही केली. मालकिणीनं इळा खाली ठेवून, बोटं पदराला पुसून, एकेक अक्षर काढत सही केली.

ड्रायव्हर मशीनवरून उतरून माझ्याजवळ पाणी प्यायला आला. सकाळी तो बराच खोळंबला होता आणि इंजिन अजून चालूच होतं.

"ये मॅडम हर साल ऐसाच करती क्या?" त्यानं विचारलं.

"हर साल."

"आप भी उनके ऑफिस के?"

इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू जावं म्हणून मी उभा राहिलो आणि सांगितलं की ती माझी बायको आहे. जितक्या मोठ्यानं सांगायची गरज होती त्याहून जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं असेल, कारण शेताच्या मधोमध खुंट्या उपटत असलेल्या तिनं मान वर करून पाहिलं.